दिवाळीत दाणे-तीळ न चालणारा भाचा येतोय, सिंगतेलाच्या घरात फराळ कसा करावा?

मांजलपूरकर | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी,

यंदा दिवाळीला नणंद, तिचे यजमान आणि सात वर्षांचा मुलगा टोरांटोहून आमच्याकडे बडोद्याला येताहेत. धनत्रयोदशीला येणार, भाऊबीज उरकून पुण्याला जाणार. भाच्याला शेंगदाणा आणि तीळ दोन्हींची ॲलर्जी आहे. नुसती खाज-पुरळ नव्हे, मागे घसा सुजून श्वास अडकला होता. म्हणजे हलक्यात घ्यायचा प्रश्नच नाही.

आता आमचं घर. सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, १५ किलोचा डबा संपायच्या आत दुसरा आलेला असतो. फोडणी त्याची, तळण त्याचं, कणकेतही तेच. दाण्याच्या कुटाची बरणी हाताशी नसेल तर सासूबाईंची भाजी पुढे सरकत नाही. ढोकळा, खांडवी, हांडवो, ठेपले, कशावर तीळ नाहीत ते सांगा. चिवड्यात दाणे, चकलीत तीळ, करंजीच्या सारणातही भाजून कुटलेले तीळ.

सासूबाई म्हणतात, "त्याच्यापुरता वेगळा डबा करू, बाकीचं नेहमीसारखं." मला पटत नाहीये. सगळे गोल करून फराळाला बसलेत आणि पाहुण्या पोरालाच तेवढी वेगळी वाटी, हे कसं दिसतं? शिवाय समोर चिवड्याचं ताट असताना त्याचा हात कोण धरणार? माझं म्हणणं, ते असतील तेवढे दिवस घरात दाणे-तीळ नकोतच, फराळ सगळ्यांचा एकच. पण तेलाचं काय करू? रिफाइंड सिंगतेल चालतं असं कुणी म्हणतं, कुणी नाही म्हणतं. आणि बेसतुं वरसला, म्हणजे गुजराती नववर्षाच्या दिवशी, दारात जी रीघ लागते, प्रत्येकाच्या हातात नाश्त्याची प्लेट, तिला कसं आवरायचं?

अनुभवी लोकांनी लिहा. "काही होत नाही हो" छापाचे प्रतिसाद नकोत :)

---

दाणेबंदी | रविवार, रात्री ११:२२

मूळची बडोद्याच्या दांडिया बाजारची, सध्या सिंगापूर. लेकीला शेंगदाणा वर्ज्य, त्यामुळे या गल्लीतून रोजचं जाणं-येणं आहे.

पहिली गोष्ट, नणंदेला फोन करा आणि मोकळेपणाने विचारा. काय चालत नाही एवढंच विचारून थांबू नका. तेल चालतं का, काजू-बदाम-पिस्ता चालतो का, डाळं-बेसन रोजच्या खाण्यात आहे का, हेही विचारा. शेंगदाणा हा द्विदल, म्हणजे हरभऱ्या-मुगाच्या कुळातला. बहुतेक दाणे-ॲलर्जीवाल्यांना बाकी डाळी चालतात, काहींना नाही. हे त्याच्या आईलाच ठाऊक असणार, आपण इथे बसून ठरवू नये.

तेल. ॲलर्जी होते ती प्रथिनांची. पूर्ण रिफाइंड केलेल्या तेलात प्रथिनं जवळपास उरत नाहीत. पण आपल्याकडे लोक हौसेने आणतात ते घाण्याचं किंवा फिल्टर्ड सिंगतेल. त्याला दाण्याचा वास येतो, तो आवडतो म्हणूनच आणतात. त्यात प्रथिनं राहतात, ते नकोच. आणि रिफाइंडचाही वाद कशाला ओढवून घ्यायचा? तेवढे दिवस सूर्यफूल किंवा राइस ब्रानचा डबा आणा, विषय संपला. तिळाच्या बाबतीत तर विचारच नको, तिळाचं तेल साधारण कच्च्या घाण्याचंच असतं.

दुसरं, कूट. मिक्सरमध्ये कोरडे दाणे फिरवले की झाकण उघडताना जी भुकटी उडते ती ओटा, डबे, टॉवेल सगळीकडे बसते. ते येण्याच्या आठवडाभर आधीपासून कूट बंद करा. मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग काढून धुवा, नाहीतर नवीनच आणा. स्वस्तात मिळते.

तिसरं, हात. सॅनिटायझरने दाण्याचा अंश जात नाही, तो नुसता पसरतो. साबण आणि पाणीच लागतं. येणाऱ्या पोरांना आधी बेसिनवर पाठवा.

"फराळ सगळ्यांचा एकच" याला माझं मत.

---

जुनाखोड | सोमवार, सकाळी ७:०५

आमच्या काळी ही ॲलर्जी-बिलर्जी नव्हती. अख्खी दुपार शेंगा फोडत बसायचो. हल्लीच्या आया पोरांना जपून जपून नाजूक करून ठेवतात. थोडं थोडं देत गेलं की होते सवय. कुणी घाबरवलं म्हणून आख्ख्या घराने सिंगतेल सोडायचं?

---

चकलीचुकली | सोमवार, सकाळी ८:४०

आलंच! जुनाखोड, तुमच्याशिवाय धागा वाहायला लागत नाही. चहा झाला का?

---

वॉर्डातली_ताई | सोमवार, दुपारी २:१०

नाइट करून आत्ता उठले. जुनाखोड, तुमच्या बोलण्यातला एक धागा खरा आहे, पण गाठ भलतीकडे मारताय. २०१५ साली लंडनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याला लीप म्हणतात. ॲलर्जीचा धोका असलेल्या ४ ते ११ महिन्यांच्या बाळांना डॉक्टरांच्या नजरेखाली नेमाने शेंगदाण्याचे पदार्थ दिले, तर पाचव्या वर्षापर्यंत दाण्याची ॲलर्जी होण्याचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास घटलं. पण ते ॲलर्जी होऊ नये म्हणून. एकदा झालेल्या मुलाला घरी "थोडं थोडं" देणं म्हणजे खेळ आहे जिवाशी. तसे उपचारही आहेत, पण ते दवाखान्यात, मोजून मापून, तयारीनिशी.

दिवाळीत फराळाच्या ताटावर बसून कुणा काकांनी "एक दाणा खा रे, काही होत नाही" म्हणणं, ही माझ्या मते सगळ्यात धोक्याची जागा. तेलापेक्षाही. त्यामुळे मांजलपूरकर, आधी घरातल्या आणि येणाऱ्या थोरामोठ्यांना स्पष्ट सांगून ठेवा.

---

जुनाखोड | सोमवार, दुपारी ३:३०

मी दाणा भरवणाऱ्यांतला नाही. पण मुद्दा कळला, ताई.

---

हाथीखाना | सोमवार, संध्याकाळी ६:१५

माझा किराणा-धान्याचा धंदा आहे, पिढीजात. दुकानाच्या बाजूने लिहितो.

१. सुटं काही घेऊ नका. आमच्याच दुकानात एकाच पळीने दाणे, डाळं, तीळ काढले जातात, खोटं कशाला बोलू? पोत्यांची तोंडं शेजारी शेजारी. दिवाळीच्या गर्दीत कुणाला हात धुवायला वेळ आहे? पाकीटबंद घ्या, आणि पाकिटावरचं बारीक अक्षर वाचा.

२. त्या बारीक अक्षरांचीही गंमत आहे. आपल्या अन्न प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबल नियमांत जी ॲलर्जीची यादी आहे तिच्यात शेंगदाणा आहे, झाडावरचा सुकामेवा आहे, दूध, सोयाबीन, गव्हासारखी ग्लूटेनची धान्यं आहेत. तीळ मात्र नाहीत. कॅनडात तिळाचं नाव सांगणं बंधनकारक आहे, अमेरिकेतही २०२३ पासून झालं. तुमच्या नणंदेला तिकडच्या लेबलची सवय. इथे पाकिटावर ठळक अक्षरांत तीळ लिहिलेले नाहीत म्हणजे आत तीळ नाहीत, असं तिने समजू नये. घटकांची पूर्ण यादी वाचायची.

३. बाजारातली हिरवी पिस्ता-कतरण आणू नका. शेंगदाणे रंगवून पिस्ता म्हणून विकल्याचे प्रकार वेळोवेळी पकडले गेलेत. काजूकतलीतही दाण्याची भेसळ होते. पिस्ता हवाच तर सालासकट आणा आणि घरी सोला.

४. बेसनात वाटाण्याचं पीठ मिसळणारे आहेत. हरभरा डाळ आणा आणि घरघंटीवर दळा.

---

मांजलपूरकर | सोमवार, रात्री १०:०५

किती नेमकं लिहिताय सगळे! नणंदेशी बोलले. डाळं, बेसन, बाकी डाळी सगळं चालतं. काजू-बदाम चालतात, पण इथल्या सुट्यावर तिचा भरवसा नाही, ती स्वतःबरोबर आणणार आहे. सिंगतेल कुठलंच नको म्हणाली. तिळाचं नाव कॅनडाच्या पाकिटांवर असतंच, त्यामुळे हाथीखाना यांचा दुसरा मुद्दा ऐकून ती जरा वेळ गप्पच झाली.

घरात घरघंटी आहे, पण त्यात मागच्या महिन्यात शेजारणीने सातूबरोबर तीळ की काय दळून नेलंय. आता?

---

कुमुदकाकू | मंगळवार, सकाळी ६:३०

घरघंटीची जाळी आणि पिठाचा डबा काढून ब्रशने झाडा, मग दोन वाट्या तांदूळ दळून ते पीठ टाकून द्या. तांदूळ आतलं बरंचसं घेऊन येतात. तरी तीळ तेलकट, चिकटून बसतात. मला विचाराल तर यंदा तिच्यात दळूच नका. भाजणी मिक्सरवर थोडी थोडी काढा आणि बारीक चाळणीने चाळा. वेळ लागतो, पण लागू दे.

आता चकली. ४ वाट्या तांदूळ, २ वाट्या हरभरा डाळ, १ वाटी मूग डाळ, पाऊण वाटी उडीद डाळ, पाव वाटी धणे, २ चमचे जिरं. धुऊन फडक्यावर वाळवायचं आणि एकेक मंद आचेवर भाजायचं. उडदाला घाई केली की भाजणीला कच्चा वास राहतो. तीळ नाहीत म्हणून चकली बिघडत नाही. तिळाच्या जागी ओवा हातावर चोळून घाला, थोडं जिरं आख्खं घाला. मोहनाचं तेल कडकडीत हवं. जास्त झालं तर चकली तेलात हसते, म्हणजे विरते, कमी झालं तर दगड.

पण खरी गोष्ट सोऱ्याची. तुमचा सोऱ्या पितळी असेल, सासूबाईंच्या लग्नातला. त्याच्या आट्यांमध्ये आणि चांदणीच्या ताटलीच्या खालच्या कडेला मागच्या वर्षीचं पीठ वाळून बसलेलं असतं, त्यात तीळ अडकलेले. वरून चकचकीत दिसतो, पण नखाने खरवडून बघा. गरम पाण्यात सोडा घालून रात्रभर भिजवा, जुन्या दातांच्या ब्रशने आटे घासा, ताटलीच्या प्रत्येक भोकातून काडी फिरवा. मग उन्हात ठेवा. आट्यांतून पांढरट पाणी येणं थांबेपर्यंत घासायचं.

लाकडी पोळपाट-लाटणं आणि लाकडी उलथणं यांचं काही करू नका, बाजूला ठेवा. लाकूड तेल पिऊन बसलेलं असतं. काळी लोखंडी कढई तशीच. तेवढ्यापुरती स्टीलची घ्या.

---

चकलीचुकली | मंगळवार, सकाळी ९:१५

काकू, "तेलात हसते" वाचून मी इथे हसतेय. माझी दरवर्षी हसते.

एक विरोधी मत नोंदवते. आमचं एकत्र कुटुंब, बडोद्याच्या वाडी भागातलं, दिवाळीला पंचवीसेक माणसं. जावेच्या मुलाला दाणे चालत नाहीत. आमच्याकडे वेगळा डबाच चालतो आणि व्यवस्थित चालतो. त्याचा फराळ सगळ्यांच्या आधी, नव्या तेलात, धुतलेल्या कढईत. निळ्या झाकणाचे डबे, ते त्याच्या खोलीत कपाटात. बाकीचा फराळ त्यानंतर. मुलगा आता नऊचा, स्वतःच सांगतो "माझं निळं आण." त्याला त्यात कमीपणा वाटत नाही, उलट मिरवतो. पंचवीस माणसांचं सिंगतेल बंद करायला गेले तर सासरेबुवा मलाच माहेरी पोचवतील.

---

दाणेबंदी | मंगळवार, दुपारी १२:४०

तुमच्या घरात तो मुलगा रोज राहतो, चुलीपासून कपाटापर्यंत सगळ्यांच्या अंगवळणी पडलंय. मांजलपूरकरांकडे पाहुणा येतोय, त्याला घराची सवय नाही आणि घराला त्याची नाही. तिथे निळं झाकण कोण लक्षात ठेवणार? घरोघरी वेगळं असू शकतं, मान्य.

---

ग्लूटेनगुल | मंगळवार, रात्री ८:३०

धाग्यात जरा घुसते. मला सिलिॲक आहे. ही खरं तर ॲलर्जी नव्हे, गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. लगेच घसा सुजत नाही, पण चिमूटभर गहूही आतून नुकसान करतो. पाहुणी म्हणून जाते तेव्हा यजमान प्रेमाने सांगतात, "तुझ्यासाठी मुद्दाम बेसनाचं केलंय," आणि फोडणीत हिंग असतो. बाजारातला बांधानी हिंग बहुतेक वेळा मैद्याबरोबर मळलेला असतो. डबीवर वाचा. तांदळाच्या पिठातला किंवा नुसता खडा हिंग मिळतो, तो चालतो.

दुसरी फसवी जागा म्हणजे गिरणी. ज्वारी-बाजरी-तांदूळ मुळात निर्धोक, पण गव्हानंतर त्याच जात्यावर दळले की संपलं. पाकिटावर "ग्लूटेन फ्री" लिहायला आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, त्यावरून अंदाज घ्या.

फराळात माझ्यासाठी अनारसे सगळ्यात बरे. तांदूळ, गूळ, खसखस, तूप, यात गहू येतोच कुठून? मात्र पोळपाटावर कुणी मैदा भुरभुरू नये आणि शंकरपाळ्यांच्या तुपात ते तळू नयेत. करंजी मी उकडीची करते, तांदळाच्या उकडीत ओल्या नारळाचं सारण. मैद्याच्या तळलेल्या करंजीची नक्कल तांदळाच्या पिठात करायला जाऊ नका, फुटते आणि तेल पिते.

---

पिवळी_पाने | मंगळवार, रात्री ९:४५

दूध न चालणाऱ्यांसाठी लाडवांचं काय करता? माझ्या दिरांच्या मुलीला गाईच्या दुधाची ॲलर्जी आहे. आई म्हणते, म्हशीचं तूप घाल, ते वेगळं.

---

वॉर्डातली_ताई | बुधवार, सकाळी १०:२०

वेगळं नाही. गाय, म्हैस, शेळी, तिन्हींची दुधातली प्रथिनं इतकी सारखी की एकाची ॲलर्जी असेल तर बहुधा दुसऱ्याचीही होते. उकळून, आटवूनही केसीन हे त्यातलं प्रथिन टिकून राहतं. तूप कढवलेलं असलं तरी त्यात अंश राहू शकतो. ज्यांना दुधातली साखर पचत नाही, पोट फुगतं, त्यांना तूप सहसा बाधत नाही. त्यांची गोष्ट निराळी. दोन्हींची गल्लत घरोघरी होते. "परवा ताक प्यायली तेव्हा काही झालं नाही" हे दुसऱ्या प्रकारात चालतं, पहिल्यात नाही.

---

कुमुदकाकू | बुधवार, सकाळी ११:००

तुपाऐवजी खोबरेल तेल घालून बेसन भाजता येतं, वासही छान येतो. पण लाडू वळायला जाल तर फजिती. खोबरेल २४ अंशांच्या आसपास पातळ होतं आणि आपल्याकडे दिवाळीत दुपारी पंखा लावून बसायची वेळ. लाडू ताटात बसकण मारतो. म्हणून पाकातले करा. बेसन खोबरेलात खमंग भाजा, एकतारी पाकात घाला, मुरू द्या, मग वळा. पाकानेच बांधले जातात. रव्याचेही तसेच, ओलं खोबरं घालून.

---

चकलीचुकली | बुधवार, दुपारी १:१०

आणि चिवड्यात दाण्यांऐवजी काय? नुसतं डाळं घातलं की माझ्याकडे "यंदा हात आखडला का" असं ऐकवतात.

---

हाथीखाना | बुधवार, दुपारी १:५०

बडोद्यात राहून हा प्रश्न? आपल्या लीला चेवड्यातली तळलेली हरभरा डाळ घाला की. डाळ चिमूटभर सोडा घालून रात्रभर भिजवायची, फडक्यावर पसरून वरचं पाणी पूर्ण जाऊ द्यायचं, मग कडक तेलात थोडी थोडी सोडायची. दाताखाली दाण्यापेक्षा चांगली वाजते. बटाट्याची सळी, मनुके, हिरवी मिरची. चिवडा घरीच करा, दुकानातल्या लीला चेवड्यात तीळ असतात.

---

कुमुदकाकू | बुधवार, दुपारी २:३०

खोबऱ्याचे काप आणि कढीपत्ता सढळ. डाळ तळून कागदावर पसरा आणि पूर्ण गार झाल्यावरच पोह्यात मिसळा, नाहीतर पोहे सादळतात.

---

नरकचतुर्दशी | बुधवार, रात्री १०:५५

सगळे पोटाबद्दलच बोलताय. अभ्यंगाचं तेल कुठलं?

---

मांजलपूरकर | बुधवार, रात्री ११:०२

अरे देवा. तिळाचं! सासूबाई दरवर्षी सुवासिक तिळाचं तेल आणून ठेवतात. भाच्याला पहिली आंघोळ घालायची म्हणून त्यांनी चांदीची वाटीही काढून ठेवलीय.

---

वॉर्डातली_ताई | गुरुवार, सकाळी ९:१०

फार मोलाची आठवण केलीत, नरकचतुर्दशी. तिळाची ॲलर्जी असलेल्याच्या अंगाला ते चोळायचं नाही. कातडी खरचटलेली, खाजवलेली असेल तर आणखी त्रास. खोबरेल घ्या. उटण्याच्या पुडीवरचे घटक वाचा. आणि पहाटे बाकीच्यांना तिळाचं तेल लावून त्याच हातांनी त्याला न्हाऊ घालू नका. सगळ्यांनाच खोबरेल.

आता आलेच आहे तर अडचणीच्या वेळेचंही लिहून टाकते. अशी मुलं ॲड्रेनलिनचं पेन, म्हणजे तयार भरलेलं इंजेक्शन, बरोबर ठेवतात. ते कुठे आहे हे घरातल्या सगळ्या मोठ्यांना माहीत हवं. कुलपात नको, फ्रीजमध्येही नको, सहज हाताला येईल असं. नणंदेकडून वापरायची रीत समजून घ्या. सरावाचं, सुईशिवायचं पेन मिळतं, ते असेल तर आणायला सांगा.

खाल्ल्यानंतर आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, जीभ-घसा सुजला, किंवा अंगभर गांधी उठून उलट्या व्हायला लागल्या, चक्कर आली, तर वाट बघायची नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला पेन, कपड्यांवरूनही चालतं. मग १०८. मुलाला आडवं करून पाय उंच, श्वास लागत असेल तर टेकून बसवा. उठवून चालवू नका. ॲलर्जीची नेहमीची गोळी किंवा सिरप हा पेनाला पर्याय नाही, ते खाजेपुरतं. बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, काही तासांनी पुन्हा उचल खाऊ शकते.

मुलाला दमाही असेल तर फटाक्यांच्या धुरापासून लांब ठेवा. छाती आधीच आवळलेली असताना ॲलर्जी जास्त जोरात येते.

---

जुनाखोड | गुरुवार, सकाळी ११:४५

बेसतुं वरसचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्या सोसायटीत सकाळी सातपासून "साल मुबारक" सुरू होतं. येणाऱ्याच्या हातात मठिया, चोळाफळी, घुघरा असं काहीतरी असतं. नाही म्हणता येत नाही, अपमान होतो. माझा सल्ला, दाराजवळच मोठं टोपलं ठेवा, प्लेट हसत घ्या आणि थेट झाकणाच्या डब्यात. तो डबा स्वयंपाकघरात जाऊ द्यायचा नाही. आणि मुखवास! सगळे तिळाचा मुखवास चिमटीने घेतात आणि त्याच हाताने पोराचा गाल ओढतात. यंदा धणाडाळ किंवा नुसती बडीशेप ठेवा, तीही पाकीटबंद.

पणत्यांत सिंगतेल घालत असाल तर तेही बदला. पोरं पणत्या उचलतात.

---

दाणेबंदी | गुरुवार, दुपारी १२:३०

जुनाखोड, मुजरा!

---

मांजलपूरकर | गुरुवार, रात्री ९:२०

जुनाखोडांचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. माझं इतके दिवस ऐकलं नाही, पण "बघ, हे गृहस्थ कसं व्यवस्थित सांगतात," म्हणून टोपल्याची जबाबदारी त्यांनी स्वतःकडे घेतलीय. सिंगतेलाचा उघडा डबा तळमजल्यावरच्या बेनला वापरायला दिला, बंद डबा माळ्यावर. सूर्यफुलाचं तेल आलंय. सोऱ्या भिजत घातलाय. काकू, खरंच तीळ निघाले हो!

एक राहिलंच. आमच्याकडे तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे धुऊन त्यात पोहे, रवा, तांदूळ भरतात. ते चालतील?

---

हाथीखाना | गुरुवार, रात्री ९:४०

नाही. कापलेल्या कडेच्या दुमडीत तेल राहतं, कितीही धुवा. फराळाचं सामान स्टीलच्या डब्यात काढा, नवं.

---

मांजलपूरकर | भाऊबीजेनंतरचा रविवार, दुपारी ४:१५

मंडळी, पाहुणे काल पुण्याला गेले. पेन पिशवीतून बाहेर काढायची वेळ आली नाही.

सगळ्यात जास्त खपली ती चकली. ओव्याची चकली आपल्याकडे नवीच, बेसतुं वरसला आलेल्या दोघी-तिघींनी कृती विचारून नेली, आणि तीळ नाहीत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. चिवड्यातल्या हरभरा डाळीवर तर भाचा तुटून पडला, नुसती डाळ वेचून खायचा. करंजीच्या सारणात तिळांऐवजी खसखस आणि खोबरं थोडं जास्त भाजून घातलं. नणंदेला आधी विचारलं होतं, खसखस चालते.

अवघड गेलं ते वेगळंच. दुसऱ्या दिवशी दुपारी चुलतसासरे आले आणि खिशातून चिक्कीचं पाकीट काढून पोराच्या हातात द्यायला निघाले. वॉर्डातल्या ताईंनी सांगितलेली धोक्याची जागा हीच. मी पोचायच्या आधी सासूबाई मधे. "भाऊजी, ते परत खिशात ठेवा आणि हात धुवून या," अशा आवाजात म्हणाल्या की ते निमूट बेसनकडे, चुकले, बेसिनकडे गेले. नणंदेने नंतर सांगितलं, इतर घरी गेलं की ताटातली प्रत्येक गोष्ट तीच विचारत बसते, नवऱ्यालाही कंटाळा येतो. इथे तिने तिसऱ्या दिवसापासून विचारणं सोडलं होतं, भाच्याबरोबर ताटात जेवत होती.

टोपल्यातला फराळ रोज संध्याकाळी वॉचमन आणि कचरागाडीवाल्यांना दिला. घुघरे फार सुरेख होते असं ते म्हणाले.

सिंगतेलाचा डबा माळ्यावरून उतरवलाय. सासूबाईंनी फोडणी घातली आणि म्हणाल्या, "आता घरात वास आला."

---

चकलीचुकली | रविवार, संध्याकाळी ५:००

बेसनकडे :D

---

पिवळी_पाने | रविवार, रात्री ८:१०

पाकातले खोबरेलाचे लाडू जमले, काकू! आता पुढचं संकट. जानेवारीत पुतणीच्या मुलाचं बोरन्हाण आहे आणि त्याला तिळाचीच ॲलर्जी निघाली. काट्याचा हलवा तिळावरच करतात ना?

---

कुमुदकाकू | सोमवार, सकाळी ६:२०

तिळावरच असं नाही. साबुदाण्यावर, खसखशीवर, मगजबीवरही होतो. साबुदाण्याला काटा चांगला धरतो. परातीत कोमट ठेवायचा, पाक चमच्या-चमच्याने घालायचा आणि बोटांनी हळूहळू फिरवत राहायचं. बाजारातला आणू नका, तिथे एकाच परातीत तिळाचाही काढतात. दागिन्यांसाठी हवा असेल तर आत्तापासून थोडा थोडा करून ठेवा, काटा यायला पाच-सहा दिवस जातात. बोरं, ऊस, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे नेहमीचेच, फक्त लुटीत तिळाच्या रेवड्या आणि तिळगूळ कुणी टाकणार नाही एवढं बघा. लूट जमिनीवर पडली की मुलं काय उचलून तोंडात घालतील ते सांगता येत नाही.